गर्भनाळेतील रक्ताची साठवण

बाळ जन्मल्यावर नाळेत व वारेत उरलेले रक्त गोळा करून त्यातील मूलपेशी पुढील उपचारांसाठी अतिशीत तापमानात जपून ठेवण्याची पद्धत. ‘कॉर्ड ब्लड बँकिंग’ किंवा ‘स्टेम सेल बँकिंग’ या नावांनी ती परिचित आहे. या पेशींपासून तांबड्या व पांढऱ्या रक्तपेशी आणि बिंबिका तयार होतात. त्यामुळे अस्थिमज्जेऐवजी त्यांचे रोपण करता येते.

इतिहास : असे पहिले रोपण १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी केले. फॅन्कोनी पांडुरोग झालेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त देण्यात आले. भारतात अस्थिमज्जारोपणाची सुरुवात १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाली. खासगी नाळरक्त बँका त्यानंतर दोन दशकांनी उभ्या राहिल्या.

संकलन : नाळ कापल्यानंतर तिच्या शिरेत सुई घालून रक्त गोठणरोधक द्रव असलेल्या पिशवीत उतरवतात. साधारण ५० ते १५० मिलि. रक्त मिळते. बाळाला किंवा आईला त्याच्या वेदना होत नाहीत. एरवी हे रक्त वारेबरोबर जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. संसर्ग तपासण्यासाठी आईच्या रक्ताचाही नमुना घेतात. नाशिकसारख्या शहरातून नमुना बँकेच्या मुख्य केंद्रात पोहोचून सामान्यतः ४८ तासांच्या आत गोठवला जावा लागतो. पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात.

उपयोग व मर्यादा : रक्ताचे काही कर्करोग, थॅलेसेमिया, सिकलसेल, अप्लास्टिक पांडुरोग व प्रतिकारशक्तीचे काही जन्मजात दोष यांत नाळरक्ताचे रोपण होते. मात्र आनुवंशिक आजारात बाळाचे स्वतःचे रक्त त्याच्या उपयोगी पडत नाही, कारण तोच दोष त्या पेशींतही असतो. एका नाळेतील पेशी प्रौढ रुग्णाला बहुधा अपुऱ्या पडतात. म्हणून ‘आयुष्यभराचा जैविक विमा’ हे जाहिरातीतले वर्णन दिशाभूल करणारे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना निरोगी कुटुंबांना खासगी साठवणीची शिफारस करीत नाहीत. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार केवळ नाळेतील रक्ताच्या साठवणीस मुभा आहे. नाळेची ऊती, वार, दात इत्यादींच्या साठवणीस नाही. बँकेला औषध नियंत्रण यंत्रणेचा परवाना लागतो.

नाशिक जिल्ह्यातील महत्त्व : सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा प्रश्न जुना आहे. शहरी भागात, विशेषतः सिंधी, लोहाणा व पंजाबी समाजांत, थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात. घरात असा आजारी मुलगा किंवा मुलगी असेल, तर पुढच्या भावंडाचे नाळरक्त जपून ठेवणे खरोखर उपयुक्त ठरू शकते. सख्ख्या भावंडाशी ऊतींचा पूर्ण मेळ बसण्याची शक्यता सुमारे २५ टक्के असते. तेवढीच शक्यता, आईवडील दोघेही वाहक असल्यास, नव्या बाळालाही तोच आजार असण्याची असते. म्हणून गर्भाची तपासणी व रक्तविकारतज्ज्ञाचा सल्ला आधी हवा. साठवण न केल्यासही निरोगी, जुळणारे भावंड पुढे अस्थिमज्जा देऊ शकते.

दक्षता : जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार जन्मानंतर किमान एक मिनिट नाळ कापू नये. त्या अवधीत बाळाला जास्तीचे रक्त व लोह मिळते. पांडुरोगाने गांजलेल्या मुलखात हा लाभ मोठा आहे. पिशवी भरावी म्हणून नाळ घाईने कापू देऊ नये. संकलनाचा निर्णय प्रसूतीच्या कळा सुरू होण्याआधी, शुल्क, परवाना व करारातील अटी वाचून, प्रसूतितज्ज्ञांशी बोलून घ्यावा.