आदल्या दिवशीचं लिस्बन

होडीवाला हात पुढे करतो, तुम्ही धक्क्यावर पाय टाकता आणि डोळ्यांच्या आधी नाक कामाला लागतं. भाजलेले सार्डिन, डांबर, ओले दोरखंड आणि या सगळ्यांवर मात करणारं उघडं गटार. शुक्रवार, 31 ऑक्टोबर 1755. आभाळ निरभ्र, ऊन या दिवसांच्या मानाने जरा जास्तच उबदार. तिकडे पुण्यात, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, दिवाळी चार दिवसांवर आली आहे. इथेही उद्या सण आहे, सर्व संतांचा.

"हा धक्का नीट बघून ठेव," मैत्रीण म्हणते. "संगमरवरी आहे. नवाकोरा."

पुढचं ती बोलत नाही. उद्या सकाळी पावणेदहाच्या सुमारास इथे काय होणार ते तुम्हा दोघांना ठाऊक आहे. जमीन हलायची थांबली की लोक पडत्या घरांपासून लांब म्हणून याच मोकळ्या धक्क्यावर धावत येतील, आणि मग नदीतून लाट येईल. पण कुणाला काही सांगायचं नाही, ही या सहलीची एकमेव अट. ती मान्य करताना फार सोपी वाटली होती.

मैत्रीण फोंड्याची. पणजीला पोर्तुगीज शिकलेली, म्हणून बोलायचं काम तिच्याकडे. पहारेकरी विचारतो, कुठून आलात? ती बेधडक "गोव्याहून" म्हणते आणि तुमच्याकडे बघून डोळा मारते. कारण या साली फोंडं पोर्तुगिजांच्या गोव्यात नाहीच. ते त्यांच्या हाती लागायला अजून आठ वर्षं आहेत.

आज काय बघायचं त्याची यादी तिनेच केली आहे, आणि यादी उफराटी आहे. लिस्बनच्या टाइल-संग्रहालयात 1700 च्या सुमाराचं, निळ्या-पांढऱ्या टाइलांचं शहराचं चित्र आहे, सुमारे 23 मीटर लांब. त्याच्यासमोर वही घेऊन बसून तिने जे पुढे उरणार नाही तेवढंच उतरवून घेतलं. बेलेंचा मनोरा? कटाप. जेरोनिमोंचा मठ? कटाप. "ते काय, पुढे कधीही तिकीट काढून बघता येतील."

राजवाडा त्यामुळे यादीत पहिला, पण तो लवकर उरकतो. बाहेरून बघायचा राजवाडा म्हणजे शेवटी खिडक्याच मोजायच्या. आत राजाचं ग्रंथालय आहे, सत्तर हजार पुस्तकांचं म्हणतात, आणि तुम्हाला तिथे कोण सोडणार? शेजारीच कासा दा इंडिया, हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी. कोचीची मिरी, गोव्याचे हिशेब, जहाजांच्या नोंदी असं अडीच शतकांचं दप्तर त्या भिंतींआड आहे. दारात एक कारकून उन्हाला पाठ देऊन पेरूएवढं काहीतरी सोलत बसला आहे. आपल्या मागच्या कपाटांत काय आहे याचा त्याला कंटाळा आलेला असावा. सगळ्या दप्तरखान्यांत असा एक असतोच.

नवं ऑपेरा-गृह मात्र बघण्यासारखं. उघडून जेमतेम सात महिने झालेत. पहिला खेळ लागला तो 'हिंदुस्थानातला अलेक्झांडर', म्हणजे आपल्या पोरसाची गोष्ट, इटालियन गाण्यांत, रंगमंचावर खरे घोडे आणून. मैत्रीण दारावर हात ठेवते. "सात महिने," ती म्हणते. एवढ्यात तर आपल्याकडे नाट्यगृहाचं उद्घाटनही ठरत नाही.

व्यापाऱ्यांच्या नव्या रस्त्यावर, रुआ नोव्हावर, तुम्हाला पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटतं. दुकानांत चिनी मातीची भांडी, सुरतेकडचं कापड, दालचिनी. पण घरचं वाटायचं कारण माल हे नाही. कारण कानात आहे. पोर्तुगीज तुम्हाला येत नाही, तरी गर्दीतून एकेक ओळखीचा शब्द डोकं वर काढतो. कुणीतरी पाव विकतंय. कुणी साबणाच्या भावावरून हुज्जत घालतंय. बालदी, चावी, फीत, कोबी. कोपऱ्यावर एक माणूस उंच स्टुलावर चढून ओरडतो आणि तुम्ही चटकन म्हणता, "लिलाव!" मैत्रीण हसते. "चल, तुझी पोर्तुगीजची तोंडी परीक्षा झाली." हे शब्द ज्यांनी आपल्याकडे आणले त्यांच्याकडून चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याला सोळा वर्षं झालीत. किल्ला गेला, पाव राहिला.

रोसियोच्या चौकात ती दोन इमारतींसमोर दोन तऱ्हांनी उभी राहते. एक इन्क्विझिशनचा वाडा. याच संस्थेची शाखा 1560 पासून गोव्यात आहे. तिच्या घराण्यात कुणाचं काय झालं ते ती सांगत नाही, तुम्ही विचारत नाही. "ही पडणार त्याचं मला काही नाही," एवढंच म्हणते, आणि ते तुम्हाला पटतं. दुसरी इमारत रुग्णालयाची, नावच 'सर्व संतांचं'. वरच्या खिडकीतून डोक्याला फडकं गुंडाळलेला एक म्हातारा खाली बघतोय. तुम्ही उगीचच हात हलवता. तो बराच वेळ विचार करतो आणि मग हात हलवतो. उद्या इथे आग लागेल तेव्हा अंथरुणाला खिळलेल्यांना बाहेर काढायला कुणी नसेल. मैत्रीण तुमचा दंड धरून तुम्हाला पुढे नेते.

चढण चढून कार्मोचं चर्च. इथे मात्र थांबायचं.

आपल्या काळात तुम्ही कार्मो पाहिलेलं आहे, निदान फोटोत. नुसत्या कमानी, आणि त्यांच्यामध्ये निळंशार आकाश. लिस्बनला जाणारा प्रत्येकजण तो फोटो काढतो, आणि खरं सांगायचं तर सुंदरच दिसतो तो. आज तुम्ही आत पाऊल टाकता आणि अंधारतं. डोळे सरावायला वेळ लागतो. मग मान वर करता. छप्पर आहे. 1389 साली पाया घातलेल्या या चर्चवर छप्पर आहे, धुराने काळवंडलेलं, एका कोपऱ्यात ओल आलेलं. छप्पर म्हणून बघायला गेलं तर त्यात विशेष काही नाही. तरी तुम्ही दोघं मान दुखेपर्यंत बघत राहता. शिडीवर चढून उद्यासाठी लाल पडदा बांधणारा पोऱ्या खाली बघतो, मग तुम्ही बघताय तिकडे बघतो. तिथे काहीच नाही असं पाहून पुन्हा गाठ मारायला लागतो.

"पडके अवशेष बघायची सवय वाईट," मैत्रीण बाहेर आल्यावर म्हणते. "मला आत ते अपुरं वाटत होतं. आकाश नाही म्हणून."

आल्फामाची वस्ती यादीत नव्हती, कारण तिचा बराचसा भाग वाचणार आहे. पण उतारावर वाट चुकते आणि तुम्ही नदीकाठच्या राजाच्या पाणवठ्यावर येऊन पोचता. सहा तोट्या, आणि घागरींची रांग. रांग कसली, रांगा. दोनशे वर्षांपूर्वी, 1551 साली, शहराने नियम केला होता: कुठल्या तोटीवर गुलामांनी भरायचं, कुठल्या तोटीवर गोऱ्या बायकांनी. मैत्रीण समजावून सांगायला तोंड उघडते आणि थांबते. पाणवठा वाटून घेणं म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या माणसाला परदेशात येऊन शिकायला लागत नाही. डोक्यावर घागर चढवणारी एक काळी बाई तुमच्या चेहऱ्यांकडे निरखून बघते आणि हनुवटीनेच एक तोटी दाखवते. तुमची जागा तिने एका नजरेत ठरवली आहे. तुम्ही तिथेच ओंजळ धरता. पाणी थंड आहे, चांगलं आहे.

चार वाजून गेलेत. इथून पुष्कळ लांब, समुद्राकाठच्या कोलारिशला, याच सुमाराला या ऋतूत न येणारं धुकं समुद्रावरून चढून येतंय आणि एका झऱ्याचं पाणी आटत चाललंय. तिथे राहणारा हँबुर्गचा वाणिज्यदूत ते पुढे लिहून ठेवणार आहे. या तोट्या मात्र नेहमीसारख्या वाहताहेत.

सांज होते आणि घंटा सुरू होतात. एक, मग पलीकडची, मग टेकड्या-टेकड्यांवरून सगळ्या. हा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. भीमाशंकरला देवळापुढे टांगलेली, चिमाजी अप्पांनी वाहिलेली वसईकडची घंटा अशीच वाजते, पोटातून.

परतताना गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी मेणबत्त्या विकत बसली आहे. उद्या सकाळी प्रत्येक चर्चमध्ये, प्रत्येक वेदीवर, घराघरांतल्या देवघरांत त्या पेटणार. भूकंपाने जे पाडलं नाही ते त्यांनीच लावलेल्या आगी पाच-सहा दिवस जाळत राहतील. मैत्रीण उभी राहते. तुम्ही तिला ओळखता, म्हणून "नको" म्हणता, पण उशीर झालेला असतो.

"सगळ्या," ती पोर्तुगीजमध्ये म्हणते. "टोपलीसकट."

म्हातारी आधी विश्वास ठेवत नाही. मग भाव सांगते, दुप्पट असणार. मैत्रीण घासाघीस न करता जवळचे सगळे रेइश तिच्या ओच्यात रिकामे करते. टोपली जड आहे, तुम्ही दोघं दोन बाजूंनी धरता. गल्लीत आता अंधार आहे. अमावास्या जवळ आली आहे, चंद्र उगवेल तो पहाटेकडे.

म्हातारी क्रूस करून संतांचे आभार मानते, गुडघ्यावर हात टेकून उठते, आत जाते आणि दुसरी टोपली घेऊन बाहेर येते.