अवटू ग्रंथी-उच्छेदन (सौम्य विकारांतील)

कर्करोग नसलेल्या विकारांसाठी अवटू (थायरॉईड) ग्रंथी पूर्ण किंवा अंशतः काढण्याची शस्त्रक्रिया. श्वासनलिकेच्या पुढे असलेली ही ग्रंथी वाढली की गलगंड होतो.

कारणे : गाठ श्वासनलिका किंवा अन्ननलिका दाबत असेल, छातीच्या हाडामागे उतरली असेल, ग्रेव्हजच्या विकारातील अवटू संप्रेरकाचा अतिस्राव औषधांना दाद देत नसेल किंवा सुईच्या तपासणीत (एफएनएसी) निदान संदिग्ध राहिले, तर शस्त्रक्रिया सुचवतात. त्रास न देणाऱ्या लहान साध्या गाठीवर नुसते लक्ष ठेवणे बहुधा पुरते.

पद्धती : अतिस्राव असल्यास तो आधी कार्बिमाझोलसारख्या औषधाने आटोक्यात आणतात, अन्यथा जिवावर बेतू शकते. मानेच्या घडीत आडवा छेद घेऊन एक खंड किंवा पूर्ण ग्रंथी काढतात. खरी कसोटी आवाजाची तंत्रिका आणि रक्तातील कॅल्शियम राखणाऱ्या, मसुराच्या दाण्याएवढ्या परावटू ग्रंथी जपण्यात असते. स्विस शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांनी ही शस्त्रक्रिया सुरक्षित केली. त्यांना 1909 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्ण ग्रंथी गेल्यावर रुग्ण मंद व सुजट होतात, हेही त्यांनी 1883 मध्ये नोंदवले.

खानदेश : जळगावात 2018 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावच्या मेहरूण भागातील रुग्णाला ‘सिव्हिल’ (शासकीय रुग्णालय) गावातच आहे. सातपुड्याच्या पाड्यांवरून येणाऱ्याला मात्र प्रत्येक फेरतपासणी म्हणजे बुडालेली मजुरी. म्हणून शस्त्रक्रिया ठरवतानाच पुढच्या औषधांची व तपासण्यांची सोय लावावी. आयोडीनच्या अभावाने होणारा गलगंड मुळात टाळता येतो. त्यासाठीच 2006 पासून देशात आयोडीनविरहित खाद्यमीठ विकण्यास बंदी आहे.

नंतरची काळजी : पहिल्या 24 तासांत मान फुगली किंवा श्वास अडला, तर तातडीने टाके उघडावे लागतात. ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या येणे हे कॅल्शियम घटल्याचे लक्षण; ते लगेच सांगावे. घोगरा आवाज बहुधा काही आठवड्यांत सुधारतो. पूर्ण ग्रंथी काढल्यास थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर लागते. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियमची गोळी चार तासांनी. सहा ते आठ आठवड्यांनी रक्तातील टीएसएच (अवटू-उद्दीपक संप्रेरक) तपासून मात्रा ठरवतात. बरे वाटले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये.