खर्डीची आडवी रेघ

खर्डीच्या अलीकडे लोकल रखडली की डबाभर शिव्या मोटरमनला. पण बहुतेकदा ते थांबणं कंट्रोलच्या आलेखात ठरलेलं असतं. आडवी वेळ, उभी स्थानकं, प्रत्येक गाडी एक तिरकी रेघ. जितकी उभी तितकी वेगवान. मागून मेल येत असेल तर बाजूची लाइन असलेल्या स्थानकातच लोकलची रेघ आडवी करावी लागते. पॅरिस-लियाँ मार्गाचा असा आलेख मारे यांच्या 1885 च्या ग्रंथात आहे. आपल्याकडे रूळ कसाऱ्याला 1861 मध्ये पोचले, थळ घाट चढून इगतपुरीला 1865 मध्ये. 37 फुटांमागे 1 फूट चढ, म्हणून कसाऱ्याला बँकर इंजिनं जोडतात. घाटात मालगाडी अडकली की कंट्रोलर रेघा पुन्हा आखतो, आणि फलाटावर ताटकळलेल्यांचा लेटमार्क पक्का.