फाशी मागण्याआधी पंचनामा वाचा

सप्टेंबर महिना आला की खैरलांजीची पोस्टर्स पुन्हा फिरू लागतात. चार चेहरे, खाली २९ सप्टेंबर २००६ ही तारीख आणि त्याखाली ठरलेली ओळ : गुन्हेगारांना फाशी द्या. ही ओळ मीही ओरडलो आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये निघालेल्या मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडलो आहे. त्याची मला लाज वाटत नाही. पण एवढ्या वर्षांनी त्या ओळीवर आपल्याच तरुण कार्यकर्त्यांशी थोडे भांडायचे आहे, म्हणून हा लेख.

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. भोतमांगे कुटुंबाची थोडी शेती, त्यातून जाणाऱ्या रस्त्याचा जुना वाद. शेजारच्या धुसाळा गावचे पोलीस पाटील हे कुटुंबाच्या जवळचे. ३ सप्टेंबर २००६ ला त्यांना खैरलांजीच्या लोकांनी मारहाण केली. सुरेखाताई आणि प्रियंका यांनी पोलिसांपुढे मारणाऱ्यांची नावे घेतली. आरोपींना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीनही झाला. तो दिवस २९ सप्टेंबर. संध्याकाळी जमाव घरावर चालून आला. सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन मारले गेले. भैय्यालाल भोतमांगे वाचले आणि त्यांनी आंधळगावचे पोलीस ठाणे गाठले.

इथे थांबा. आपण नेहमी पुढच्या क्रौर्याकडे धावतो, आणि खटल्याची गोष्ट तिथेच हातातून निसटते. सुरेखाताई त्या दिवशी फक्त बळी नव्हत्या. त्या एका फौजदारी गुन्ह्यातल्या साक्षीदार होत्या. ज्यांच्याविरुद्ध त्यांनी तोंड उघडले ते सुटून गावात परत येणार हे पोलिसांना माहीत होते. तरी त्या घराबाहेर एक शिपाई उभा केला गेला नाही. पहिले प्रेत ३० तारखेला कालव्यात सापडले ते प्रियंकाचे. शवविच्छेदन इतके वरवरचे झाले की काही दिवसांनी पुरलेले प्रेत उकरून पुन्हा करावे लागले. तोवर जो पुरावा मिळायचा तो मिळण्याची वेळ निघून गेली होती. पुढे सीबीआयच्या आरोपपत्रात बलात्काराचे कलम आले नाही, त्याचे मूळ या पहिल्या आठवड्यात आहे.

मग चर्चा सुरू झाली. ‘अनैतिक संबंधातून गावकऱ्यांचा उद्रेक’ अशी कुजबुज आधी गावातून निघाली, ठाण्यातून पक्की झाली आणि वर्तमानपत्रात छापून आली. चार माणसे मेली आणि चर्चा मेलेल्या बाईच्या चारित्र्याची! जवळजवळ महिनाभर बाकी महाराष्ट्राला याची दखलही घ्यावीशी वाटली नाही. नोव्हेंबरमध्ये नागपूर, अमरावतीपासून माणसे रस्त्यावर आली, त्यात बायका पुढे होत्या, तेव्हा तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांना मोर्चामागे नक्षलवाद्यांचा हात दिसला. आधी मयतावर संशय, नंतर मयतासाठी रडणाऱ्यांवर संशय. आरोपींवर संशय घ्यायला सरकारला सर्वात जास्त वेळ लागला. रस्त्यावरच्या रेट्यामुळेच तपास सीबीआयकडे गेला आणि डिसेंबर २००६ मध्ये अकरा जणांवर आरोपपत्र दाखल झाले.

यात एक गोष्ट आपल्याला टोचणारी आहे आणि आपण ती टाळतो. आनंद तेलतुंबडे यांनी खैरलांजीवरच्या पुस्तकात ती लिहिली आहे. पोलीस, डॉक्टर, प्रशासन या साखळीतले बरेच जण स्वतः दलित होते. ‘आपला माणूस’ खुर्चीत बसला की काम होईल या भाबडेपणाला खैरलांजीत तडा गेला. खुर्चीतला माणूस आपला असतो, खुर्ची आपली नसते. वरून येणाऱ्या आदेशापुढे आणि गावच्या पुढाऱ्याच्या फोनपुढे तोही शिपाई असतो. निलंबने झाली. निलंबनाने पंचनामा बदलत नाही.

१५ सप्टेंबर २००८ ला भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, तिघांना सोडले. २४ तारखेला सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. त्या दिवशी आपल्यापैकी पुष्कळांनी सुटकेचा श्वास सोडला. निकाल नीट वाचला तो थोड्यांनीच. न्यायालयाने म्हटले की अॅट्रॉसिटी कायदा इथे लागत नाही, कट सिद्ध होत नाही, विनयभंग सिद्ध होत नाही. १४ जुलै २०१० ला नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांचा कारावास दिला. कारण म्हणून उरला तो ‘सूड’. पोलीस पाटलाच्या मारहाणीत नावे घेतली, त्याचा सूड.

सूड होता, हे मीही मानतो. पण कोणाचा कोणावर? गावातल्या दुसऱ्या एखाद्या वजनदार घरातल्या बाईने पोलिसांपुढे हीच नावे घेतली असती, तर चाळीस-पन्नास माणसांचा जमाव तिच्या दारात असा गेला असता का? महाराच्या बाईने नाव घेतले, हाच तर अपमान होता. जात या गुन्ह्याच्या बाजूला उभी नव्हती, ती सुडाच्या पोटात होती. अडचण अशी की तेव्हाच्या कायद्यातले ३(२)(५) हे कलम ‘पीडित अनुसूचित जातीचा आहे या कारणावरून’ गुन्हा घडल्याचे सिद्ध करायला लावत होते. मारणाऱ्याच्या मनातले कारण सिद्ध करायचे तर पहिल्या जबाबात शिवी नोंदवलेली हवी, आधीच्या तक्रारी जोडलेल्या हव्यात, वादाचा इतिहास मांडलेला हवा. तो आंधळगावच्या ठाण्यात कोण मांडणार होते? जे पोलिसांनी लिहिलेच नाही ते न्यायालयाला दिसले नाही, इतके साधे हे गणित आहे. २०१५ च्या दुरुस्तीने हे कलम बदलले. आता ‘पीडित या जातीचा आहे हे माहीत असताना’ गुन्हा केला, तरी ते लागते. त्याच दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे कलम १५-अ आणले. दोन्ही बदल खैरलांजीनंतर दहा वर्षांनी, जानेवारी २०१६ पासून अमलात आले.

हे सगळे तुम्हाला थोडेफार माहीत असेल. आता दुसरा खटला सांगतो. त्याच्यासाठी मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही.

खैरलांजीच्या तीन महिने आधी, जून २००६ मध्ये, सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली होती. घटना ५ जून २००३ च्या रात्रीची. शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. घरातली आई आणि एक मुलगा जखमी होऊन वाचले. गुन्हा इतका भयंकर की ऐकणाऱ्याचे रक्त उकळावे. आणि रक्त उकळले की कोणीतरी लागतोच. पोलिसांनी सहा जण आणले. सगळे भटक्या जमातीचे, मजुरी करून खाणारे. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच्या रांगेत उभे केले. सहाच्या सहा. त्यातला एकजण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे कित्येक वर्षांनी मान्य झाले.

आता कागद बघा. घटनेनंतर दोन दिवसांनी, ७ जून २००३ ला, वाचलेल्या त्या आईला पोलिसांनी गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. तिने त्यातल्या चौघांवर बोट ठेवले. हे चौघे, पकडलेल्या सहांपैकी कोणीही नव्हते. त्या चौघांना अटक झाली नाही, त्यांच्यावर आरोपपत्र नाही, त्यांना का सोडले याचे उत्तर नाही. घरातली माणसे गमावलेल्या बाईने पहिल्या दोन दिवसांत जे सांगितले ते बाजूला पडले, आणि नंतरच्या ओळख परेडवर सहा गळ्यांना दोर लागला.

५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच दहा वर्षांपूर्वीचा निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले. निकालात स्पष्ट म्हटले आहे की हे भटक्या जमातीतले, समाजाच्या खालच्या थरातले, अत्यंत गरीब मजूर आहेत आणि त्यांना खोटे गुंतवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्या, जबाबदार पोलीस अधिकारी शोधून कारवाई करा, असा आदेश राज्याला दिला. सोळा वर्षे तुरुंगात गेली, त्यातली बरीचशी फाशीच्या कोठडीत. पाच लाख भागिले सोळा. हिशोब तुम्हीच करा.

मधल्या काळात या सहांसाठी बोलले कोण? २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून चुकीच्या आधारावर दिलेल्या फाशीच्या शिक्षा बदलण्याची विनंती केली, त्यात हे प्रकरण होते. न्यायमूर्तींना वेळ मिळाला. आपण, जे स्वतःला बहुजनांची चळवळ म्हणवतो, आपण काय करत होतो? आपणही वर्तमानपत्र वाचून ‘असल्यांना भर चौकात लटकवा’ म्हणत होतो. मी म्हटले असेन. नक्कीच म्हटले असेन.

भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत हे सोपे का जाते, याला इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. ठाण्यात हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही, काहींना तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये डांबणे. सोलापूरच्या जुन्या माणसांना सेटलमेंट हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, त्याची जागा सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी घेतली, आणि ठाण्यातली सवय तशीच राहिली. गावाबाहेर पाल पडले की परिसरातल्या प्रत्येक चोरीचा धागा आधी तिकडे जातो. अस्पृश्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, भटक्याला वेशीबाहेरही राहू दिले नाही.

आता दोन्ही खटले शेजारी ठेवा. खैरलांजीत मेलेले दलित होते, तेव्हा पोलिसांना जात दिसली नाही. दुसऱ्या खटल्यात हाताला लागलेले भटके होते, तेव्हा पोलिसांना दुसरे काही शोधायची गरज वाटली नाही. एकीकडे पुरावा गोळा केला नाही, दुसरीकडे हातात आलेला पुरावा वापरला नाही. सुरेखाताईंची साक्ष कोणी जपली नाही, आणि दुसऱ्या खटल्यातल्या त्या आईची साक्ष कोणी ऐकली नाही. दोन्ही ठिकाणी बाईने नाव घेतले होते, बोट ठेवले होते.

कोणी म्हणेल, दादा, तुम्ही खैरलांजीच्या मारेकऱ्यांना सवलत देताय. मुळीच नाही. ते दोषी आहेत, ते कोर्टाने सांगितले आहे, आणि माझ्या मते त्यांचा गुन्हा कोर्टाने मोजला त्याहून मोठा आहे. माझे भांडण एवढेच आहे की फाशीच्या मागणीने आपली नजर फितवली. सहा फाशा मिळाल्या तेव्हा अॅट्रॉसिटीचे कलम पडले, ही बातमी दुसऱ्या ओळीत गेली. दोन वर्षांनी फाशीही गेली आणि हातात ना दोर राहिला ना जात. बाबासाहेबांनी ३ जून १९४९ ला संविधान सभेत फाशीच्या अपिलांची चर्चा चालू असताना सांगितले होते की अपिलाची तरतूद वाढवण्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला आपला पाठिंबा राहील. आपण त्यांच्या प्रत्येक वाक्याचे बॅनर करतो, या मताचे बॅनर मी अजून पाहिलेले नाही. फाशीचा दोर ज्या ठाण्यात वळला जातो, त्या ठाण्यात आपले वजन शून्य आहे, हे त्यांना कळत होते असे मला वाटते.

म्हणून पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ येतेच, पहिल्या दिवशी मोर्चाची तारीख ठरवण्याआधी दोन कार्यकर्ते ठाण्यात बसवा. एफआयआरची प्रत घ्या, शिवी नोंदवली आहे का बघा, आधीच्या तक्रारी जोडायला लावा. तपास उपअधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी करतो आहे का ते विचारा, कारण नियम ७ तसे सांगतो. टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्यावर कलम ४ खाली तक्रार द्या. साक्षीदाराला संरक्षण मागा, लेखी मागा, पोच घ्या. आणि आरोपी म्हणून पालावरचा कोणी आणला असेल, तर त्याच्या बायकोलाही वकील मिळवून द्या, मग बाहेर लोक काहीही ओरडत असोत. मोर्चा आठव्या दिवशीही काढता येतो. शवविच्छेदन आठव्या दिवशी नीट होत नाही.

भैय्यालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात गेले. ही जातीय हत्या होती असे एखाद्या न्यायालयाने म्हणावे याची ते शेवटपर्यंत वाट पाहत होते. दोन वर्षांनी दुसऱ्या खटल्यातले सहा जण तुरुंगातून बाहेर आले. त्या आईने २००३ मध्ये ज्या चार फोटोंवर बोट ठेवले होते, त्या चौघांवर त्या खटल्यात कधीच आरोप ठेवला गेला नाही.