चाळणीपासून कारखान्यापर्यंत

मूल दुधावरून अन्नावर येण्याचा काळ मोठा नाजूक असतो. या काळांतील मातेच्या श्रमांतूनच एका मोठ्या उद्योगाचा जन्म झाला. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत फ्रीमाँट नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें १९२७ सालीं डोरोथी गर्बर ही गृहिणी आपल्या सात महिन्यांच्या सॅलीसाठीं शिजविलेले वाटाणे चाळणीवर घासून गाळीत असे. सालें वर राहत व मऊ गर तेवढा खालीं उतरे. परंतु चार चमचे अन्नासाठीं वेळ मात्र फार जाई. पति डॅनियल यांच्या घराण्याचा भाज्या-फळें डबाबंद करण्याचा कारखाना होता. हें काम तेथील यंत्रांकडून कां होऊं नये, असें तिनें सुचविलें. आणि १९२८ सालीं वाटाणे, गाजर, पालक यांचा गाळीव गर डब्यांतून बाजारांत आला.

पुढें हे डबे घरोघर पोहोंचले. पण सोयीबरोबर घाईहि आली. कित्येक मुलांना असें अन्न अवघ्या तीनचार महिन्यांच्या वयांत मिळूं लागलें. पहिले सहा महिने निव्वळ आईचें दूध व त्यानंतर जोडीला मऊ अन्न, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २००१ सालीं केली. सॅलीचें वय त्या मर्यादेंत बसणारें होतें. आणि तिच्या आईचें साहित्य म्हणजे ताजी भाजी, चूल व चाळणी, एवढेंच होतें. तेवढें साहित्य आजहि पुरेसें आहे.