राधानगरी अभयारण्य

राधानगरी अभयारण्य हे महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यातील, सह्याद्रीच्या मुख्य रांगेवर वसलेले वन्यजीव अभयारण्य आहे. ते दाजीपूर अभयारण्य या नावानेही ओळखले जाते आणि गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. इ.स. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारसा म्हणून घोषित केली, त्यांत या अभयारण्याचा समावेश आहे.

इतिहास

कोल्हापूर संस्थानच्या काळात दाजीपूरचे जंगल छत्रपतींचे राखीव शिकारक्षेत्र होते. राजर्षी शाहू महाराजांनी याच परिसरात भोगावती नदीवर धरण बांधण्यास सुरुवात केली आणि तेथे वसविलेल्या गावाला आपल्या कन्येच्या नावावरून राधानगरी असे नाव दिले. धरणाचे काम स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. शिकारीसाठी राखल्यामुळे टिकून राहिलेल्या या जंगलाला १९५८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातील हे पहिले अभयारण्य मानले जाते. १९८५ मध्ये त्याचा विस्तार करण्यात आला व क्षेत्रफळ ३५१.१६ चौ.कि.मी. झाले.

निसर्ग

अभयारण्यात राधानगरी व काळम्मावाडी या दोन धरणांच्या जलाशयांभोवतीची वने येतात. येथे निमसदाहरित व आर्द्र पानझडी वने असून जांभूळ, अंजनी, हिरडा, ऐन, किंजळ आणि कारवी या वनस्पती आढळतात. डोंगरमाथ्यावरील जांभ्या खडकाच्या सपाट पठारांना 'सडे' म्हणतात. पावसाळ्यात त्यांवर रानफुले व गवत उगवते.

गवा हा येथील प्रमुख प्राणी होय. त्याला बोलीत 'बायसन' म्हटले जात असले, तरी तो अमेरिकी बायसनपेक्षा वेगळा, रानटी गोकुळातील प्राणी आहे. पूर्ण वाढलेल्या नराचा रंग काळसर असतो व पायांचा गुडघ्याखालील भाग पांढरट असतो. याशिवाय बिबट्या, अस्वल, सांबर, भेकर, पिसोरी, रानकुत्रा व शेकरू यांचा येथे वावर आहे.

पर्यटन

कोल्हापूर–राधानगरी–फोंडाघाट मार्गावरील दाजीपूर येथून अभयारण्यात प्रवेश करता येतो. त्यासाठी वनविभागाची परवानगी घ्यावी लागते. पावसाळ्यात अतिवृष्टीमुळे जंगलभ्रमंती बंद असते. उन्हाळ्यात पाणवठ्यांजवळ गवे दिसण्याची शक्यता अधिक असते. गव्यापासून पुरेसे अंतर राखणे आवश्यक असते, कारण डिवचला गेल्यास तो हल्ला करू शकतो.

संवर्धन

कोयना व चांदोलीच्या वनांपासून दक्षिणेला गोवा व कर्नाटकाच्या जंगलांपर्यंत जाणाऱ्या वन्यजीवांच्या भ्रमणमार्गात हे अभयारण्य येते. हा मार्ग खंडित झाल्यास वाघासारख्या दूरवर फिरणाऱ्या प्राण्यांचे स्थलांतर अडते. परिसरातील सड्यांवर बॉक्साइटचे साठे असल्याने खाणकामाचा प्रश्न संवर्धनाशी जोडला गेला आहे. चाऱ्याच्या शोधात गवे शेतात उतरल्याने पिकांचे नुकसान होते. म्हणून स्थानिक शेतकऱ्यांच्या उपजीविकेचे रक्षण हाही येथील संवर्धनाचा महत्त्वाचा भाग ठरतो.