ड्यूको रंग (जुन्या मोटारींवरील)

नायट्रोसेल्युलोज (एनसी), मृदुकारी द्रव्य व रंगद्रव्य थिनरमध्ये मिसळून केलेला, गनने मारायचा चकचकीत रंग. ‘ड्यूको’ हे अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीचे व्यापारी नाव. गॅरेजांत व फर्निचरच्या कामात ते एनसी रंगाला सरसकट वापरतात. थिनर उडाले की हा रंग सुकतो, त्यापलीकडे रासायनिक क्रिया होत नाही. त्यामुळे अनेक वर्षांनीही थिनर लागताच थर पुन्हा विरघळतो आणि नवा हात जुन्यात मुरतो. मिरजेच्या सतारींवरील चपड्याचे पॉलिशही स्पिरिटने असेच सुटते. दुरुस्तीत जुन्याला नवे जोडता येते ते यामुळेच.

इतिहास : १९२३ मध्ये जनरल मोटर्सने ओकलंड गाड्यांसाठी ड्यूको वापरला. पूर्वीच्या वार्निशयुक्त रंगांना आठवडे लागत. ते काम तासांवर आले. भारतात उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटार कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला (मुंबई) येथील कारखान्यात फियाट ११०० तयार होई. १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ या नावाने निघू लागली.

ओळख : दाराच्या आतल्या कडेला थिनरचा बोळा घासतात. एनसी रंग बोळ्याला लागतो, भट्टीत भाजलेले इनॅमल सहसा लागत नाही. हवेत सुकलेल्या इनॅमलवर थेट एनसी मारल्यास खालचा थर सुरकुततो व उचलतो.

छटा जुळवणे : डब्यावरच्या शेड नंबरवरून कारखान्यातला रंग मिळतो, गाडीचा आजचा नव्हे. उन्हाने रंगद्रव्य विटते, एनसीचा थर पिवळट पडतो, वर खडूसारखी पूड येते. म्हणून कसलेला पेंटर दोन नमुने धरतो. पहिला न विटलेला : डिकीतल्या मॅटखालचा, नंबर प्लेटमागचा किंवा दाराच्या पॅडखालचा. दुसरा शेजारच्या पॅनलचा, कंपाउंडने घासून उघडा केलेला. पूर्ण गाडी रंगवायची तर पहिला प्रमाण, एकच मडगार्ड रंगवायचे तर दुसरा.

ओला एनसी रंग सुकल्यावर बहुधा गडद होतो. त्यामुळे पत्र्याच्या तुकड्यावर, गाडीला असेल त्याच प्रायमरवर हात मारून, सुकवून आणि घासूनच छटा ताडून पाहतात. आधी दिवसाच्या उजेडात सावलीला, मग ट्यूबलाइटखाली. जुन्या पिवळ्या-नारिंगी रंगांत शिशाचे क्रोमेट असे. त्याजागी सेंद्रिय रंगद्रव्य घातल्यास दोन्ही छटा दिवसा एक दिसून दिव्याखाली वेगळ्या पडू शकतात. क्रीम छटेत काळा रंग थेंबाथेंबाने घालतात. जास्त पडला तर काढता येत नाही, सगळा डबाच वाढवावा लागतो. नवा रंग सांध्यावर न तोडता शेजारच्या पॅनलवर विरळ करत नेतात. अखेरीस १००० ते २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने फिरवून कंपाउंड मारतात.

मेटॅलिक छटा : गनचा दाब व अंतर बदलले तरी छटा बदलते.

हवामान : थिनर उडताना पत्रा गार होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर धरते आणि रंग पांढुरका पडतो. पावसाळ्यात यासाठी सावकाश उडणारे रिटार्डर थिनर वापरतात किंवा ऊन पडेपर्यंत काम थांबवतात. एनसी अत्यंत ज्वालाग्राही आहे.

नोंदणी : केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार नसलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. फेरनोंदणीचे शुल्क ५,००० रुपये. एनसीऐवजी टिकाऊ टू-के (दोन घटकी) पॉलियुरेथेन रंग दिल्यास गाडी मूळ स्वरूपातली मानावी काय, याबाबत संग्राहकांत एकमत नाही. गाडीचा रंग नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. तो बदलल्यास आरटीओकडून नोंद बदलून घ्यावी लागते.